मागचा हात

बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं, शिकवणाऱ्याची जागा शिकणाऱ्याच्या मागे असते. वर कातळावर कुणीतरी चढत असतं, खाली नवशिका दोर घेत असतो, आणि त्याच्या मागे, जरा बाजूला, दोराचं शेपूट मुठीत धरून आपण. त्याचा हात सुटलाच तर आपला असावा म्हणून. सह्याद्रीत प्रस्तरारोहण शिकवायला लागलो तेव्हापासून ही जागा माझी होती. आता नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कूर्चा झिजली आहे, आणि डॉक्टरांनी जी हालचाल बंद करायला सांगितली ती नेमकी मूठ आवळण्याची. चढता येतं, अँकर लावता येतो, गाठी मारता येतात. अचानक येणारा झटका धरता येईलच असं सांगता येत नाही. ज्या हाताची खात्री नाही तो पोराच्या मागे ठेवायचा नाही.

जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर रॅपलिंगच्या वेळी अरुण सावंत गेले. कितीतरी जणांना डोंगराची वाट दाखवलेला माणूस. त्या बातमीनंतर माझ्या वयाच्या प्रत्येकाने आपले हात एकदा तरी उलटसुलट करून पाहिले असतील. मी पाहिले, आणि पुन्हा मोज्यात घातले. अंगठ्याने पुढे सक्ती केली नसती तर आजही घातलेच असते. जागा सोडावी लागली तेव्हापासून मात्र त्या जागेचाच विचार डोक्यात आहे. उभा होतो तोवर एवढा कधी केला नव्हता.

मागच्या हाताचा पेच असा. शेपूट ताणून धरलं की दोर कमरेच्या बिले-उपकरणावर आपोआप खाली वळलेला राहतो आणि ब्रेकचं सगळं काम मागूनच होतं. पुढच्या पोराची मूठ दोराभोवती नुसती गुंडाळलेली असते. त्याला वाटतं, आपण धरलंय. हाताला काहीच कळलेलं नसतं, कारण ओझं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. शेपूट सैल सोडलं तर हात शिकतो, पण तो चुकला तर मधली ढील संपेपर्यंत वरचा माणूस खाली येत राहतो. एक मीटर ढील म्हणजे वरच्याची निदान एक मीटर घसरण, वर दोर ताणला जातो ते वेगळंच. चढाईच्या पहिल्या दहा-बारा फुटांत तेवढ्यात जमीन लागते. घट्ट धरलं तर शिकवणं होत नाही, सैल धरलं तर माणूस मोडतो. मधली जागा पोरागणिक वेगळी असते, आणि एकाच पोराच्या बाबतीतही फुटाफुटाला बदलते.

मी ती बोटांनी शोधायचो. साडेदहा मिलिमीटरचा दोर, वापरून वापरून आवरणावर लव आलेली. चामडी हातमोज्याच्या आत तर्जनीवरून तो सरकताना पुढच्या पोराचं सगळं कळतं. घाबरलेलं पोर दोर तुटक तुटक घेतं. कंटाळलेलं उशिरा घेतं. वर जिवलग मित्र चढत असेल तर त्याच्या पावलागणिक दोर येतो, आणि अशा वेळी शेपूट निर्धास्त थोडं सैल सोडता येतं. नावडता जोडीदार वर असेल तर दोर उगाच घट्ट येतो, वरचा ओरडतो, "अरे, ओढू नको." हे सगळं मी तर्जनीवर वाचायचो, आणि त्याचा मला गर्व होता. शिबिर संपताना एखादं पोर म्हणायचं, "सर, तुम्ही मागे होतात हे कळलंच नाही," तेव्हा ते मला कुठल्याही सुळक्याच्या माथ्यापेक्षा मोठं वाटायचं. त्या वाक्याची मी वाट बघायचो. कुणी आपणहून म्हटलं नाही तर रात्री शेकोटीजवळ बोलणं असं वळवायचो की त्याने म्हणावंच.

त्याहून मोठा गर्व घरच्या माणसांच्या बाबतीतला. शिबिराला सोबत आलेल्या आई-वडिलांना, काका-मामांना मी कातळापासून लांब ठेवायचो. "मुख्य तळावर थांबा, चहा घ्या, संध्याकाळी भेटवतो." कारणं तयार असायची आणि ती खोटी नव्हती. खालून "अरे सांभाळून", "अगं पडशील" चालू झालं की पोराचं लक्ष पायावरून उडतं. घरापासून तोडल्याशिवाय पोर स्वतःच्या पायावर येत नाही, असं मी मुलाखती घ्यायला आलेल्यांना सांगायचो आणि कुर्ट हान यांचं नाव घ्यायचो. जर्मनीतून परागंदा झालेल्या या शिक्षकाने १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला, जहाज-व्यवसायातल्या लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली. किशोरांच्या साहस-शिबिरांचा आजचा बराचसा साचा तिथूनच आला आहे. दार्जिलिंगची आपली गिर्यारोहण संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. मी उत्तरकाशीला शिकलो. तिथली शिस्त आणि हान यांचं तत्त्व, दोन्ही मिळून माझं शिबिर झालं होतं.

पण अ‍ॅबरडोव्हीच्या गोष्टीतला एक भाग मी कधी सांगत नसे. युद्धात जहाज बुडाल्यावर बचावनौकेत तरणे खलाशी आधी हाय खायचे आणि वयाने मोठे, शरीराने थकलेले खलाशी टिकून राहायचे, हे होल्ट यांना दिसलं होतं. शाळेचा जन्म त्या काळजीतून झाला. टिकून राहणं मोठ्या माणसांकडे होतं आणि ते पोरांपर्यंत पोचवायचं होतं. त्याच गोष्टीचा आधार घेऊन मी मोठ्या माणसांना चहाला बसवत होतो. मनातलं कारण वेगळं होतं. दोरावर लटकलेल्या पोराने खाली बघितलं तर त्याच्या नजरेने मला शोधावं, दुसऱ्या कुणाला नाही, असं मला वाटायचं. निघताना पालक म्हणायचे, "आमचं मेलं काही ऐकत नाही, तुमचं बरं ऐकतो हो." ते मी प्रसादासारखं घ्यायचो.

गेल्या डिसेंबरात मुळशीकडच्या एका लहान कातळावरच्या शिबिराला नववीतला एक मुलगा त्याच्या मामाबरोबर आला. घरातलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय पाठवणार नाही, असं आईने सांगितलं होतं. मामाने रजा काढली. मामा एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, अंगाने भरभक्कम. पहिल्याच रात्री पोरांनी त्यांचं नाव शेलारमामा ठेवून टाकलं. शेलारमामांच्या त्या सिंहगडाच्या गोष्टीत दोर कापला हे प्रत्येकाला पाठ असतं. दोर पहिल्यांदा वर कुणी बांधला आणि मावळे चढत असताना खाली तो कुणी सांभाळला, हे कुणी विचारत नाही. मला लहानपणापासून तेच विचारायचं होतं.

साधनं मांडून ठेवली होती तिथे मामा उकिडवे बसले आणि एकेक कॅराबिनर उचलून त्याचं फाटक उघडून-मिटून बघू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. कानाशी नेऊन स्प्रिंगचा आवाज ऐकायचे, स्क्रूवर नख फिरवायचे. एक बाजूला काढून माझ्यापुढे धरला. "सर, ह्याची चूड जड फिरतीय. माती गेलीय आत. तेल नका घालू हां, आणखी माती धरंल. धुवा गरम पाण्यानं." बरोबर होतं. तो कॅराबिनर आदल्या आठवड्यात माझ्या हाताखालून दोन वेळा गेला होता, आणि झिजलेल्या अंगठ्यामुळे स्क्रू जड लागतोय असं मी धरून चाललो होतो. या माणसाला चहाला बसवायचं मला जमेना.

तरी मामाला दोर लावायचं माझ्या मनात नव्हतं. ती कल्पना माझ्या सहप्रशिक्षिकेची. चौदाव्या वर्षी माझ्याकडे शिकायला आली, आज मागचा हात तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "भाच्याला मामांचा बिले करू दे." मी वजनाचा हिशोब मांडला. मुलगा चव्वेचाळीस किलो, मामा पंच्याऐंशी. वर अँकरच्या कॅराबिनरवर दोर घासतो म्हणून खालच्याला पूर्ण वजन पेलावं लागत नाही, पण निदान साठ टक्के तरी पेलावं लागतंच. म्हणजे एकावन्न किलो. मामा नुसते लटकले तरी पोर उचललं जाणार, घसरले तर झटक्याने उचललं जाणार. तिने ऐकून घेतलं आणि मागच्या धोंड्याला टेप स्लिंग टाकून मुलाचा हार्नेस जमिनीला बांधला. "आता उचलला तर वीतभर." ते बरोबर होतं. बॅकअपला ती राहिली. मला मागे काही काम नव्हतं म्हणून मी पुढे, कातळाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

बिले करणाऱ्या पोराचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. इतकी वर्षं मला पोरांच्या माना, खांदे, कानामागचा घाम ठाऊक होता. चेहरा वर चढणाऱ्यासाठी असायचा. हा मुलगा मामाच्या हातांकडे बघत नव्हता. पायाकडे बघत होता. मामांनी टाच हलवली, अजून पाऊल उचललेलं नाही, तोच त्याचा ब्रेकचा हात खाली गेलेला असायचा आणि दोर घ्यायला दुसरा तयार असायचा. ओठ मिटलेले, भुवया वर. मामा घरात कसे चालतात, जिना चढताना कुठला गुडघा धरतात, हे त्याला जन्मापासून माहीत होतं, आणि ते तो दोरात घालत होता. माझ्या तर्जनीला हे कधीच कळलं नसतं. मागून कितीही हलका हात ठेवला तरी मामाचा डावा गुडघा मला दिसणार नव्हता.

आपला कातळ लाव्ह्याच्या थरांचा. थर संपला की आडवी कपार, कपारीत माती, मातीत गवत, आणि डिसेंबरात ते वाळून पायाखाली गुळगुळीत होतं. मामा अशा दुसऱ्या कपारीवर होते. डावा पाय गवतावर टेकला आणि सुटला. पोर वीतभर उचललं गेलं, स्लिंग ताठ झाली, दोर थांबला. मामा भिंतीला खांदा लावून लटकले. कुणी ओरडलं नाही. वरून आवाज आला, "धरलंस?"

"धरलंय."

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "हळूहळू उतरव त्यांना." नवशिका पडला की उतरवायचं, पाणी द्यायचं, पाठ थोपटायची, हा माझा शिरस्ता. मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर मामाच्या पायावरच. म्हणाला, "मामाला विचारा ना, वर जायचंय का?" मग स्वतःच हाक मारली, "मामा, जायचंय?" वर थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. "थांब जरा. हां. जायचंय." ते माथ्यापर्यंत गेले नाहीत. आणखी एक कपार चढले, तिथल्या झाडाला हात लावला, आणि मग स्वतःहून म्हणाले, "आता घे खाली."

उतरल्यावर मुलाने पहिला प्रश्न माझ्या सहप्रशिक्षिकेला विचारला. "ताई, तुम्ही मागे धरला होता का?"

"हो. पण झटका माझ्यापर्यंत आला नाही. तूच थांबवलास."

"पण तुम्ही धरला होता."

"धरला होता."

"मग मला कसं कळणार?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. "तुम्ही मागे होतात हे कळलंच नाही" या वाक्यावर मी इतकी वर्षं जगलो. या मुलाला ते कळून घ्यायचं होतं, आणि मागे कुणीतरी आहे एवढ्याने त्याचा दोर त्याचा राहत नव्हता. त्याचं म्हणणं मला पटतं. तरीही मागचा हात मी काढू देणार नाही. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत आणि डिसेंबरपासून मी त्यांच्याशीच झुंजतो आहे.

आसपास जे चाललं आहे त्यात हा पेच कुणाला पडतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यांवर रांगा लागतात. एकेकाला दोरावर बसवून खाली सोडतात, फोटो काढतात, पुढचा घेतात. मौज म्हणून माझी त्याला हरकत नाही, पण त्याला प्रशिक्षण म्हणू नये. उन्हाळी शिबिरांत तर पोराला कातळावर चढवायचं म्हणजे दोर इतका ताणायचा की ते पायाने चढतच नाही, खालचे दोघं त्याला वर ओढून घेतात. वर पोचलेल्या पोराच्या हातात प्रमाणपत्र पडतं आणि त्याच्या पायाला कातळ कसा लागतो हे शेवटपर्यंत माहीत नसतं. बिले तर शिकवतच नाहीत, कारण त्याला वेळ लागतो आणि त्याचा फोटो येत नाही. दोर आपोआप अडवणारी ग्रीग्री आल्यापासून, म्हणजे १९९१ नंतर, अनेकांना वाटतं की उपकरणच धरेल. चांगलं उपकरण आहे, माझ्याकडेही आहे. पण उतरवताना घाबरलेलं पोर तिचा दांडा मागे पूर्ण ओढतं, आणि तिथे शेवटी दोरावरचा हातच लागतो. राज्य सरकारचे २०१४ आणि २०१८ साली साहसी उपक्रमांबद्दल निर्णय आले, २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं. नियम हवेतच, मी त्यांच्या बाजूचा आहे. मागच्या हाताने किती ढील ठेवावी हे कुठल्याच कागदावर येऊ शकत नाही. ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि हात द्यायला बसलेल्यांची संख्या कमी होते आहे.

शिबिरानंतर आम्ही दोघांनी गाठींचा प्रयोग सुरू केला. मागे माणूस ठेवायचाच नाही. दोर घेतला जाईल तशी शेपटाला ठरावीक अंतरावर गाठ मारत जायची. पोराचा हात सुटला तर गाठ उपकरणावर येऊन अडते. गाठ बोलत नाही, ताणत नाही, तिचा भरवसा किंवा शंका दोरातून पोरापर्यंत जात नाही. पुढच्या हाताला पूर्ण ओझं मिळतं. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी पुढे उभा राहून पोरांचे चेहरे बघत होतो, आणि खरोखर फरक दिसला. मागे कुणी नाही हे कळल्यावर ती जास्त घाबरतील असं मला वाटलं होतं. ती गप्प झाली आणि वर बघायला लागली.

पण गाठ चढताना चालते. उतरवताना ती सोडावीच लागते, नाहीतर उपकरणातून जाणार नाही. आणि पोराचा हात चुकतो तो बहुतेक वेळा उतरवतानाच. चढाई संपलेली असते, वरचा हसत असतो, खालचा सैलावतो. नेमक्या त्या वेळी कुणीतरी मागे येऊन शेपूट हातात घ्यावं लागतं, गाठी एकेक सोडाव्या लागतात, आणि मागचा हात परत येतो. शिवाय सुरुवातीच्या काही फुटांत पहिली गाठ मारण्याइतका दोर शेपटाला आलेलाच नसतो. तिथेही हात लागतो. दोन्ही टोकांना माणूस आणि मधे गाठ, असं सध्या चाललं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. सहप्रशिक्षिका म्हणते, उतरवताना मागचा हात घरच्या माणसाचा ठेवावा. त्याला आधी दोन दिवस शिकवावं आणि त्या पोराच्या मागे त्यालाच उभं करावं. मी म्हणतो, घरचा माणूस शेपूट ताणूनच धरणार, मायेपोटी. तिचं म्हणणं, ताणू देत, निदान त्याला गुडघा माहीत असेल.

मुलाने मार्चमध्ये फोन केला होता. मे महिन्यात पुढच्या पातळीच्या शिबिराला यायचं आहे, मामाही येणार आहेत. मामा उतरवण्याचा सराव करताहेत. कार्यशाळेतल्या चेन-पुलीवर पोत्यात वाळू भरून भाच्याच्या हातात दोर देतात आणि स्वतः मागे उभे राहतात. मी मामाला फोनवर विचारलं, शेपूट ताणून धरता की सैल? ते म्हणाले, "पोतं असंल तोवर सैल." गाठींचं अंतर दीड मीटर ठेवायचं की एक, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी एकच्या बाजूचा आहे. एक मीटरवर गाठ मारायला दोर धरणाऱ्याला जास्त वेळा थांबावं लागतं आणि वरच्याची लय तुटते, असं सहप्रशिक्षिकेचं म्हणणं. मेच्या आधी कातळावर दोन्ही करून पाहणार आहोत, वर मी चढणार, खाली ती.